साडेतीनचं ऊन

नकोबाला आईवडिलांनी ठेवलेलं एक सरळ, चारचौघांसारखं नाव होतं. पण ऑफिसात ते फक्त त्याच्या खोलीच्या दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या बावीस माणसांच्या कंपनीत तो कलादिग्दर्शक होता, आणि गेली अकरा वर्षं त्याच्या तोंडून दिवसाला किमान तीस वेळा 'नको' बाहेर पडत होतं. हे झाड नको. ही खिडकी नको. शेळीला असलं शिंग नको. तोंडावर सगळे त्याला 'सर' म्हणत आणि पाठ वळली की नकोबा. हे त्याला ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात आवडतही होतं. त्या नावात थोडा धाक होता, आणि आपला धाक आहे म्हटल्यावर कुणाला बरं वाटत नाही?

आपण नक्की काय करतो, हे मात्र त्याला उभ्या आयुष्यात कुणालाही धड समजावून सांगता आलं नाही. सासरेबुवा हयात असताना त्यांनी एकदा जेवणानंतर त्याला समोर बसवून घेतलं होतं.

"म्हणजे त्या गेममधली चित्रं तुम्ही काढता?"

"नाही, चित्रं मुलं काढतात."

"मग रंग तुम्ही भरता."

"रंगाचं काम करणारे वेगळे."

"मग ते सगळं हलतं, पळतं, ते तुमचं काम?"

"ते प्रोग्रामरचं."

सासरेबुवांनी चष्मा काढून हातात घेतला. आपली मुलगी आपण कुणाच्या हाती दिली, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेला होता. "मग तुम्ही तिथे असता कशाला?"

"मी बघतो," नकोबा म्हणाला.

"बघता?"

"हो. बघतो आणि सांगतो."

"हे तर मीही दिवसभर करतो," सासरेबुवा म्हणाले, आणि वामकुक्षीला गेले.

खरं सांगायचं तर नकोबाचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. त्या बावीस जणांत चौदा जण चित्रं काढणारे होते. चौदाही जण हुशार, आणि चौदाही जणांच्या तऱ्हा चौदा. एकाचं घर परीकथेतलं, दुसऱ्याचं घर नगरपालिकेला नकाशा मंजुरीला द्यावा तसं, आणि तिसऱ्याला काहीही काढायला सांगा, कोपऱ्यात कुठेतरी एक राक्षस आलाच. ह्यांना मोकळं सोडलं असतं तर गेम लग्नघराच्या दारातल्या चपलांसारखा दिसला असता. चौदा हातांनी काढलेलं एकाच हाताचं वाटलं पाहिजे, हे नकोबाचं काम. त्यासाठी स्वतः ब्रश हातात धरायचा नसतो. हे त्याला जड गेलं होतं, पण अंगवळणी पडलं होतं.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. एका नव्या पोरानं अकरा दिवस खपून एक दगडी विहीर काढली होती. दगडादगडावर शेवाळ, आत पाण्यात हलणारं आभाळ. सगळं ऑफिस बघायला जमलं, टाळ्यासुद्धा झाल्या. नकोबानं चष्मा कपाळावर चढवला, खाली आणला आणि म्हणाला, "चांगलं आहे. पण आपलं नाही." विहीर गेली. त्या पोराला बाथरूममधून बाहेर काढायला दोघांना जावं लागलं. आणि महिन्याभरानं सगळा गेम एकत्र जोडून पाहिल्यावर त्या पोरानंच येऊन कबूल केलं, की सर, ती विहीर तिथे असती तर म्हातारीकडे कुणी पाहिलंच नसतं.

म्हातारी म्हणजे गेममधली. गेम अगदी साधा होता. त्यात बंदूक नाही, गाड्यांची शर्यत नाही. एक म्हातारी आपली हरवलेली शेळी शोधत उतारावरच्या एका गावातून फिरते. दुपारी तीनला निघते, दिवस मावळताना शेळी सापडते, संपलं. मग त्यात बघायचं काय? तर ऊन. तीनला अंगावर येणारं ऊन संध्याकाळपर्यंत कसं कसं मऊ होत जातं, भिंतीवरून कसं सरकतं, ह्यावर सगळा डाव होता. उन्हाचे रंग ठरवण्यात चार महिने गेले होते. नकोबाच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर कागदाच्या रंगीत पट्ट्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली त्याच्या अक्षरात वेळ लिहिलेली होती. त्यातली 'साडेतीनचं ऊन' ही पट्टी म्हणजे त्याचा जीव की प्राण. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला येतो तसा तो रंग होता, आणि निम्मा गेम त्याच रंगात होता.

हे ऊन गेममधल्या गल्लीगल्लीत नेऊन पाडण्याचं काम एका मुलीकडे होतं. तिला सगळे ऊनवाली म्हणत. तिशीची, कमी बोलणारी, टेबलावर कायम अर्धा प्यालेला चहा. ऑफिसात सर्वांत जास्त 'नको' तिच्या वाट्याला आले होते आणि तिनं ते मोजणं कधीच सोडून दिलं होतं.

आता गोष्ट बिघडली ती अशी.

सुरुवात घरात झाली. बायको चार दिवस बहिणीकडे गेली होती आणि जाताना सांगून गेली होती, की अहो, बैठकीच्या खोलीला पांढरा रंग देऊन घ्या, रंगारी सांगून ठेवलाय. रंगारी आला, एक हात मारला. नकोबा खुर्ची ओढून समोर बसला.

"हे पांढरं नाही. पिवळट दिसतंय. थोडी नीळ घाल."

रंगाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि नीळ घातली. दुसरा हात झाला. अजून पिवळट. तिसऱ्या हाताला रंगाऱ्यानं ब्रश डब्यात ठेवला.

"साहेब, पांढरं ते पहिल्या हातालाच झालं होतं. पिवळं भिंतीत नाही, तुमच्या डोळ्यांत आहे."

"काय?"

"माझ्या वडलांना झालं होतं ना. पांढरी अंडी दुकानात परत करायचे, पिवळी पडली म्हणून. दुकानदारानं शेवटी हात जोडले."

नकोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं रंग बघून पोट भरणाऱ्या माणसाला भिंती रंगवणारा डोळे दाखवतो! "नीळ घाल म्हटलं ना," तो म्हणाला. रंगाऱ्यानं निमूट घातली, चौथा हात मारला आणि डबे उचलून गेला. बायको परत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "बसायची खोली आहे की पोहायचा तलाव?"

"पांढरी आहे," नकोबा म्हणाला.

तिनं बॅग खाली ठेवली. "डोळे तपासून घ्या."

"माझे डोळे?" नकोबा म्हणाला. "माझे?" आणि तो विषय त्यानं तिथेच मिटवला. कसा मिटवला, तर तीन दिवस न बोलून.

त्याच सुमारास ऑफिसातलं ऊनही पिवळं पडायला लागलं. नकोबा ऊनवालीला म्हणाला, "जरा निळं घाल ह्यात." ती म्हणाली, "सर, पट्टीइतकंच आहे." नकोबा म्हणाला, "मग पट्टी पिवळी पडली असेल. कागद आहे शेवटी." पुढच्या आठवड्यात परत तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या वेळी तो तिच्यावर चांगलाच उखडला. आणि मग एके सोमवारी काय चमत्कार झाला देव जाणे, त्यानं आपल्या खोलीतल्या मॉनिटरवर गेम उघडला तर ऊन अगदी बरोबर. हवं तसं. पोरगी तयार झाली, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला फार समाधान वाटलं.

त्या सोमवारपासून आणखीही काही गोष्टी बदलल्या. पूर्वी तो प्रत्येकाच्या टेबलामागे जाऊन उभा राहायचा. आता उठायला लागला की कुणीतरी धावत यायचं, "सर, तुम्ही कशाला उठता, आम्हीच येतो ना." सगळे आपापलं काम त्याच्याच मॉनिटरवर दाखवायला लागले. एखाद्या वेळी तो तसाच बाहेर आला तर नेमके सगळ्यांचे मॉनिटर बंद असायचे आणि सगळे चहाला निघालेले असायचे. ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीतला भिंतभर मोठा पडदा बिघडला तो बिघडलाच. नकोबानं दुरुस्तीसाठी तीन अर्ज लिहिले आणि तिन्ही वेळा 'सुटा भाग मागवला आहे' असं उत्तर आलं. सर्वांत कहर म्हणजे प्रोग्रामर. हा माणूस कुणाला पाणीसुद्धा विचारत नसे, पण तो दर पंधरा दिवसांनी आपण होऊन येऊ लागला, "सर, तुमच्या मशीनची जरा साफसफाई करून देतो," म्हणून.

"हल्ली मुलं फार मान देतात मला," नकोबानं घरी सांगितलं.

"आजारी माणसाला देतात तसा?" बायकोनं विचारलं.

त्यानं पेपर उघडला. अक्षरं धुरकट दिसत होती. हल्ली छपाईच वाईट झालीय, असं त्याचं मत होतं.

आठ महिने असे गेले. मग एका संध्याकाळी बाजारात बायको भाजी घेत होती आणि हा चार पावलं पुढे उभा राहून कंटाळला होता. शेवटी वळला आणि "अगं किती वेळ, आण ती पिशवी इकडे," म्हणत त्यानं तिच्या हातातली पिशवी ओढली. ती सोडेना. त्यानं आणखी जोर लावला. तेव्हा ती बाई मोठ्यानं ओरडली, आणि आवाज काही केल्या बायकोचा नव्हता. बायको रस्त्याच्या पलीकडून हे सगळं बघत होती. तिनं आधी येऊन त्या बाईची क्षमा मागितली आणि मग नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला जो ओढला तो थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवला.

डॉक्टरीण वयानं लहान होती. "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "चांगला पिकलाय. किती वर्षं चहाच्या काचेतून जग बघताय तुम्ही?"

नकोबाला 'काका'च जास्त लागलं.

"आधी डावा करू, महिना-दीड महिन्यानं उजवा. तुमच्या कामात रंगांशी काही संबंध येतो का?"

बायको खिडकीबाहेर बघायला लागली.

"थोडाफार," नकोबा म्हणाला.

ऑफिसात त्यानं दातांचं काम आहे म्हणून दहा दिवसांची रजा टाकली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण भीती वाटली. चित्र न काढणाऱ्या, रंग न भरणाऱ्या, काहीच न हलवणाऱ्या माणसाकडे असतात ते फक्त डोळे. ते गेले असं एकदा कळलं की मग सासरेबुवांचाच प्रश्न उरतो, की तुम्ही तिथे असता कशाला? आणि तेही आत्ता, गेम पंधरा दिवसांनी बाहेर पडणार असताना.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली, तो घरी आला, दारात उभा राहिला आणि ओरडला, "ह्या भिंतीला हे कुणी केलं?"

"तुम्ही," बायको म्हणाली.

तो खुर्चीवर बसला. उशीचा अभ्रा पांढरा होता, दूध पांढरं होतं, बायकोचे केस त्याच्या कल्पनेपेक्षा बरेच पांढरे होते, आणि भिंत निळी होती. त्यानं डावा डोळा मिटून उजव्यानं पाहिलं तर भिंत पांढरी आणि अभ्रा चहात बुडवल्यासारखा. उजवा मिटला की भिंत निळी. काही दिवस सगळं निळसर वाटेल असं डॉक्टरीण म्हणाली होती. त्या एका वाक्याला धरून तो दोन दिवस बसला. पण अभ्रा पांढरा आणि भिंत निळी, ह्यात डॉक्टरणीचं वाक्य काही कामाला येईना.

मग त्याला ऊन आठवलं.

आठ महिने. आठ महिने तो निळं घाल, निळं घाल म्हणत होता, आणि ती मुलं बिचारी घालत होती. रजेचे उरलेले दिवस त्यानं दोन्ही डोळे मिटूनच काढले. फोन करून विचारावं असं दहादा मनात आलं आणि दहाही वेळा फोन खाली ठेवला, कारण विचारायचं म्हटलं तर दातांपासून सुरुवात करावी लागली असती.

बुधवारी तो काळा चष्मा लावून ऑफिसात गेला. "दात कसे आहेत सर?" सगळ्यांनी अगदी मनापासून विचारलं. "बरे आहेत," म्हणून तो खोलीत शिरला, दार लावलं, गेम उघडला आणि चष्मा काढला.

म्हातारी उतारावरून खाली येत होती आणि सगळं गाव निळं होतं. साधं निळं नाही, फ्रिज उघडल्यावर आत दिसतो तसला उजेड गल्लीगल्लीत पसरला होता. साडेतीनच्या उन्हात म्हातारी गारठून मरायची वेळ आली होती. त्यानं उजव्या डोळ्यानं पाहिलं. अगदी बरोबर, हवं तसं. डाव्यानं पाहिलं. सत्यानाश. तो किती वेळ आलटून पालटून डोळे मिटत बसला कोण जाणे, पण शेवटी दोन्ही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ऑपरेशनचं नव्हतं. बावीस माणसांची अडीच वर्षं त्यानं एकट्यानं निळीत बुडवली होती.

पळून जावं असंही एकदा मनात आलं. पण माणूस मुळात सरळ होता. तो उठला, बाहेर आला आणि सगळ्या टेबलांच्या मधोमध उभा राहिला.

"मुलांनो," तो म्हणाला, "माझे दात उत्तम आहेत."

सगळ्यांनी माना वर केल्या.

"डोळे गेले होते. मोतीबिंदू. आठ महिने मला सगळं पिवळं दिसत होतं आणि मी तुमच्याकडून ऊन निळं करून घेत होतो. गेम मी बिघडवला. तुमचं कुणाचं काही चुकलं नाही. सोमवारी तो बाहेर जाऊ शकत नाही, हे मी आत्ता जाऊन कंपनीच्या मालकीणबाईंना सांगतो, आणि माझा राजीनामाही देतो."

कुणीच दचकलं नाही. प्रोग्रामर खोकला. मग ऊनवाली उठली, तिनं आपला मॉनिटर दोन्ही हातांनी धरून नकोबाकडे वळवला आणि बाजूला झाली.

पडद्यावर तीच म्हातारी होती, तोच उतार होता, आणि त्यावर साडेतीनचं ऊन पडलं होतं. नकोबानं डाव्या डोळ्यानं पाहिलं. मग भिंतीवरच्या पट्टीकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे. कागदाचा तुकडा फाडून तिथे चिकटवला असता तरी सापडला नसता, इतका तो रंग तोच होता.

"हे काय?" तो म्हणाला.

"सर, निळं फक्त तुमच्या मॉनिटरवर आहे," प्रोग्रामर म्हणाला. त्याला बोलायची सवय नसल्यामुळे तो टेबलाशी बोलत होता. "तुमच्या नावानं गेम उघडला की वर एक निळी काच चढते, असं करून ठेवलंय. गेममध्ये काही नाही. गेम आहे तसाच आहे."

"कुणी केलं?"

"काच मी बसवली. किती निळी, ते ही सांगायची. दर पंधरा दिवसांनी थोडी वाढवावी लागायची." तो थांबला. "तुमचा मोतीबिंदू तारीखवार आहे सर हिच्याकडे. डॉक्टरला हवा असेल तर देता येईल."

"आणि मोठा पडदा?"

"तो ठणठणीत आहे. वायर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

कुणीतरी खुर्ची सरकवली आणि नकोबा तिच्यात बसला. जिवात जीव आला. गेम वाचला होता, सगळ्यांची मेहनत वाचली होती. हे सुख त्याला साधारण अर्धा मिनिट लाभलं, आणि मग राग आला.

"म्हणजे आठ महिने मी आत बसून काय करत होतो? माझ्यापुढे खेळणं ठेवलं होतं तुम्ही? बावीस माणसं! त्यांतल्या एकाच्याही तोंडून 'सर, नको' एवढं निघालं नाही?"

"मी म्हणाले होते," ऊनवाली म्हणाली.

सगळ्यांनी माना तिच्याकडे वळवल्या.

"तीनदा म्हणाले. पहिल्यांदा म्हटलं, पट्टीइतकंच आहे. दुसऱ्यांदा पट्टी काढून तुमच्या हातात दिली. तिसऱ्यांदा म्हटलं, सर, तुम्हाला काहीतरी वेगळं दिसतंय. तर तुम्ही म्हणालात, 'इथे बघायचं काम माझं आहे. तुला काय दिसतं ते मी विचारलेलं नाही.'"

नकोबाला ते वाक्य आठवलं. आवाजासकट आठवलं.

"मग मी दुसरं काय करणार होते सर? ऊन तर सोडता येत नव्हतं. चार महिने तुमच्यामागे उभी राहून शिकले मी ते." तिनं तो अर्धा प्यालेला गार चहा उचलला आणि एका घोटात संपवला.

नकोबाला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खालून हळूच अभिमानही वर आला. दोन्ही एकदम कसं वाटून घ्यायचं हे त्याला कळेना म्हणून तो उठून घरी गेला. बायकोला त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली, "घरात एक जण म्हणत होती, रंगारी म्हणाला, ऑफिसात ती मुलगी म्हणाली. तुमचं ऐकायचं काय, तेही पिकलंय का?" त्याच संध्याकाळी त्यानं रंगाऱ्याला फोन केला. रंगारी सकाळी आला, भिंतीपेक्षा आधी त्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं, "एकच झाला वाटतं," म्हणाला आणि कामाला लागला. ह्या वेळी नकोबा खुर्ची ओढून बसला नाही. तो आतल्या खोलीत गेला.

आतल्या खोलीत त्यानं बऱ्याच वर्षांनी स्वतः ब्रश हातात घेतला. त्याचं असं झालं होतं, की नव्या डोळ्यानं त्याला निळा रंग परत मिळाला होता. पडद्याच्या चुणीतला निळा, भांड्याच्या कडेवरचा निळा, संध्याकाळी समोरच्या छपराखाली साठणारा निळा. इतकी वर्षं हे सगळं इथेच होतं आणि आपल्याला दिसत नव्हतं, ह्या विचारानं त्याला भरून यायचं. गेमचा शेवटचा देखावा त्याला कायम जरा कोरडा वाटत आला होता. म्हातारीला शेळी सापडते ती संध्याकाळ. त्यानं ती दिवसभर बसून नव्यानं रंगवली. शेळीच्या पाठीवर, म्हातारीच्या पदराच्या सावलीत, सगळ्या उतारावर तो निळा अलगद उतरवला. काढून झाल्यावर त्याला स्वतःलाच वाटलं, की हात गेला नाही अजून.

शुक्रवारी शेवटची पाहणी होती. प्रोग्रामरनं ड्रॉवरमधून वायर काढून मोठा पडदा जोडला. नकोबा त्यासमोरच्या आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसला आणि त्यानं आपलं चित्र लावायला सांगितलं. खोलीत 'वा' उमटलं. विहीर काढणारा तो पोरगा तर उभाच राहिला. चित्र खरोखरच सुंदर होतं, त्यात वाद नाही.

"शेवटी हे टाकावं म्हणतो," नकोबा म्हणाला. "दिसत नव्हतं तेव्हा माझ्यापुढे काच धरलीत. आता दिसतंय. तेव्हा आता काय ते तोंडावर बोला."

सगळ्यांनी ऊनवालीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग ती नकोबाकडे वळली.

"चांगलं आहे, सर," ती म्हणाली.

नकोबा हसला.

"पण आपलं नाही."

प्रोग्रामरनं डोळे मिटून घेतले. नकोबाचं हसू तिथल्या तिथे थिजलं. त्यानं उजवा डोळा मिटून डाव्यानं चित्र पाहिलं. डावा मिटून उजव्यानं पाहिलं. मग मान वळवून उघड्या दारातून भिंतीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. शेवटच्या पट्टीखाली त्याच्याच अक्षरात 'शेळी सापडते तेव्हा' असं लिहिलं होतं. ती पट्टी विटकरी धुळीच्या रंगाची होती आणि तिच्यात निळ्याचा टिपूस नव्हता. दिवसभर उन्हात चाललेल्या म्हातारीच्या वाट्याला शेवटी ती धूळच यायला हवी होती. त्याला ते दिसलं. आवडलं नाही, पण दिसलं.

"काढ ते," तो प्रोग्रामरला म्हणाला. चित्र गेलं आणि जुनी, धुळकट संध्याकाळ परत आली.

मग तो उठला आणि आपली खुर्ची ऊनवालीकडे ढकलली. "बस इथे."

"मी?"

"माझा उजवा डोळा व्हायला अजून महिना आहे. सोमवारी गेम जायचाय. बस."

"करायचं काय सर?"

"बघायचं," नकोबा म्हणाला. "आणि सांगायचं."

ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली. पडद्यावर गेम पहिल्यापासून सुरू झाला, म्हातारी घरातून निघाली, तीनचं ऊन तिच्या अंगावर आलं. हळूहळू ऊनवाली खुर्चीत मागे टेकली.

"थांबव," ती म्हणाली. "त्या वळणावरचं झुडूप नको."

तिच्यामागे उभ्या असलेल्या नकोबाला ते झुडूप फार आवडत होतं. त्यानं तोंड उघडलं, तिच्या डोक्यावरून पडद्याकडे पाहिलं, आणि मिटलं.